अन्ननलिकेचा कर्करोग आणि ताटातलं प्रोटीन

घरात कुणाला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचं कळलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एक पथ्य सांगून जातो. ‘अंडी बंद करा, प्रोटीननं गाठ वाढते.’ ‘दूध तर अजिबात नको.’ ‘मासे-मटण उष्ण पडतं.’ आठवड्याभरात पेशंटच्या ताटात पेज, साबुदाण्याची खीर आणि नारळपाणी एवढंच उरतं. मग घरातले बाकीचेही घाबरतात. आपणही जास्त प्रोटीन खातोय का, जिमला जाणाऱ्या मुलाच्या पावडरच्या डब्याचं काय करायचं, असे प्रश्न सुरू होतात.

या आजाराशी प्रोटीनचा संबंध काय, हे नीट समजून घेऊ. चुकीच्या पथ्याची किंमत इथे फार मोठी असते.

प्रोटीन जास्त खाल्लं म्हणून हा कर्करोग होतो किंवा ते भरपूर खाल्लं म्हणून टळतो, असं अभ्यासांतून स्पष्टपणे दिसलेलं नाही. अनेक देशांतली माहिती एकत्र करून पाहिली तरी एकूण प्रोटीन आणि हा आजार यांचं नातं ठामपणे सापडत नाही. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. गरीब भागात ज्याला प्रोटीन कमी मिळतं, त्याला फळं, भाज्या आणि दूधही कमीच मिळतं. श्रीमंत देशात जो जास्त प्रोटीन खातो, तो बऱ्याचदा लाल मांस आणि सॉसेजही जास्त खातो. मग दोष कुणाला द्यायचा?

चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियान भागात हा आजार एके काळी भयंकर प्रमाणात होता. आहार निकृष्ट, फळं आणि अंडी-मांस फार कमी. १९८६ ते १९९१ या काळात तिथल्या सुमारे ३० हजार लोकांना जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या गोळ्यांचे वेगवेगळे संच देऊन पाहिले. बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम मिळालेल्या गटात एकूण मृत्यू थोडे कमी झाले, जठराच्या कर्करोगाचे मृत्यूही घटले. अन्ननलिकेच्या कर्करोगात मात्र ठळक फरक पडला नाही. वर्षानुवर्षांच्या आहाराची उणीव गोळीनं भरून काढणं इतकं सोपं नसतं. पावडरच्या डब्यालाही हेच लागू आहे. तो आणून हा आजार टळत नाही. आणि निरोगी माणसानं प्रोटीन पावडरच्या मागे लागू नये, असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलं आहे.

प्रोटीन येतं कशातून?

ताटातलं प्रोटीन कोणत्या पदार्थातून येतं आणि तो कसा शिजवला जातो, याला मात्र महत्त्व आहे. सॉसेज, सलामी, बेकन टिकावं आणि गुलाबी दिसावं म्हणून त्यात नायट्राइट घालतात. नायट्राइट आणि प्रोटीनमधून तयार होणारे काही घटक एकत्र आले की नायट्रोसामाइन नावाची रसायनं बनतात आणि त्यातली बरीच कर्करोगाला कारण ठरू शकतात. मांस जाळावर करपवलं, धुरावर सुकवलं की आणखी काही घातक रसायनं त्यात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं, ते मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. अन्ननलिकेबाबत पुरावा तितका पक्का नाही. तरी मुलांच्या डब्यात रोज सॉसेज देणं मला पटत नाही. रविवारच्या मटणाला घाबरण्याचं मात्र काही कारण नाही. डाळ, उसळ, दही, अंडी, शेंगदाणे आणि घरी शिजवलेले मासे यांवर तर संशय घेऊच नका.

गंमत अशी की नायट्रोसामाइनचा सर्वांत मोठा साठा ताटात नसतो, तंबाखूच्या पुडीत असतो. आपल्याकडे हा आजार बहुतेक करून अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा असतो. त्यामागे तंबाखू, विडी-सिगारेट, दारू आणि सुपारी ही मोठी कारणं आहेत. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका नुसती बेरीज करून थांबत नाही, कित्येक पटींनी वाढतो. घरातली आजी दात घासायला मिसरी वापरते, तीही तंबाखूच. आसाम-मेघालयात राहणाऱ्या वाचकांना तिथली कच्ची, आंबवलेली सुपारी ठाऊक असेलच. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगकारकच आहे.

शिवाय चहा. चहा वाईट नाही, त्याचा चटका वाईट. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचं याच संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या सुमारे ५० हजार लोकांच्या पाहणीतही खूप गरम चहा भरपूर पिणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळला. गॅसवरून उतरवलेला चहा चार-पाच मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही!

मऊ भातानं झाकलेलं लक्षण

आता सर्वांत महत्त्वाचं. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरची लवचिक नळी. ती बरीच अरुंद होईपर्यंत फारसं काही जाणवत नाही. मग आधी भाकरी अडकते, मटणाचा तुकडा अडकतो. माणूस घासागणिक पाणी पितो. बायको किंवा सून समजून घेते आणि पोळी दुधात कुस्करून देते. पुढे मऊ भात, मग पेज. घरात कुणी काही बोलत नाही, ‘वय झालं, दात गेले’ म्हणून सोडून दिलं जातं. प्रेमानं केलेल्या या मऊ जेवणात महिने निघून जातात. घास अडकल्यासारखा वाटणं दोन-तीन आठवडे टिकलं, त्यात वजनही घटत असलं, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. तोंडातून दुर्बीण घालून करायची एंडोस्कोपी थोड्या वेळात होते आणि संशयास्पद जागेचा तुकडाही तेव्हाच तपासणीला घेता येतो. वर्षानुवर्षं छातीत जळजळ असणाऱ्यांनीही एकदा विचारून घ्यावं. नळीच्या खालच्या टोकाला होणाऱ्या कर्करोगाचा संबंध तिच्याशी आणि लठ्ठपणाशी आहे.

आणि निदान झालंच, तर प्रोटीन तोडू नका. निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम. कर्करोगाच्या पेशंटला दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम लागतं. त्याला ते तोडलं तर गाठ उपाशी मरत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, अशक्तपणा वाढतो आणि केमो किंवा शस्त्रक्रिया पेलवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

डाळीचं वरचं पाणी आणि मटणाचं अळणी ताकदीचं समजून पाजतात. खरं प्रोटीन डाळीच्या गाळात आणि मटणाच्या तुकड्यात राहतं, पाण्यात नाही. म्हणून डाळ मऊ शिजवून घोटा, हवं तर गाळा, पण दाटच द्या. दुधात दोन चमचे दूध पावडर मिसळा. दह्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, कुस्करलेलं पनीर, नाचणीचं दुधातलं सत्त्व, पूर्ण शिजवलेल्या अंड्याची ओलसर भुर्जी, काटा काढून कुस्करलेला मासा, असं थोडं थोडं दिवसातून सहा वेळा द्या. जेवण कोमट असू द्या.

हेही गिळता येईनासं झालं तर डॉक्टर नाकातून किंवा पोटातून नळी घालायला सुचवतात. नळी म्हणजे शेवट, असं समजून अनेक घरं नकार देतात. बऱ्याचदा ती उपचार संपेपर्यंतचीच सोय असते. ती का आणि किती दिवस ठेवणार, हे डॉक्टरांना विचारून मगच हो-नाही ठरवा, आणि त्या बोलण्यात पेशंटलाही सामील करून घ्या.