जुना कॉम्प्युटर फेकायचा की चालवायचा?

आपल्या बाजारात जुन्या मशीनला कोणी हसत नाही. भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांत बापाच्या काळातले माग आजही चालतात. पार्ट मोडला तर मिस्त्री लेथवर तसाच दुसरा घडवून देतो आणि संध्याकाळी ताका उतरतो. हाच हिशेब आपण कॉम्प्युटरलाही लावला. पेढीवरचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डबा सुरू होतो, बिल छापतो, उधारीची यादी काढतो, मग तो बदलायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की त्याच डब्यावर आता सरकारी पान उघडत नाही, बँकेचे पान अर्धे उघडून थांबते आणि दुरुस्तीला येणारा मुलगा एकच सल्ला देतो: शेठ, नवीन घ्या.

या प्रश्नावर बाजारात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, जुने सगळे भंगारात द्या. दुसरे म्हणते, कुठून तरी जुन्या विंडोजवर चालणारा ब्राउझर आणून टाका आणि काम रेटा. आमच्या मते दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. पहिल्यात पैसा विनाकारण जातो. दुसऱ्यात पैसा वाचतो, पण पेढी धोक्यात येते. म्हणून आधी हे दुखणे काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे.

पान उघडत का नाही?

इंटरनेटची पाने ज्यातून आपण पाहतो तो ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज वगैरे. ब्राउझर एकटा काम करीत नाही. खिडकी उघडणे, फाइल जपणे, मेमरी मागणे ही कामे तो खालच्या विंडोजकडून करून घेतो. नवा ब्राउझर अशा काही सोयी मागतो ज्या जुन्या विंडोजमध्ये मुळातच नाहीत. मग पडद्यावर तो ओळखीचा निरोप येतो की अमुक ‘एन्ट्री पॉइंट’ केर्नेल३२ डीएलएलमध्ये सापडत नाही. नव्या नमुन्याचा पार्ट जुन्या मागाच्या खाचेत बसत नाही, तसाच हा प्रकार.

दुसरे कारण कुलपाचे. बँकेचे पान आणि आपला कॉम्प्युटर यांच्यातली बातचीत कुलूपबंद असते. त्या कुलपाच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिची १.२ ही आवृत्ती २००८ साली आली आणि १.३ ही २०१८ साली. मूळच्या विंडोज एक्सपीला फक्त १.० येते. मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२० च्या सुमारास बाद ठरवायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे मोडीत निघाल्या. एका बाजूला नवे कुलूप आणि दुसऱ्या बाजूला जुनी किल्ली असेल तर दार उघडणार कसे?

तिसरे कारण शिक्क्याचे. समोरचे पान खरोखर त्या बँकेचेच आहे याची ग्वाही देणाऱ्या संस्था असतात आणि त्यांच्या शिक्क्यांची यादी कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली असते. शिक्क्यालाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असाच एक मोठा शिक्का मुदतबाह्य झाला. ज्या जुन्या कॉम्प्युटरांना नवी यादी मिळाली नव्हती त्यांच्यावर चांगली चांगली पाने एका रात्रीत ‘असुरक्षित’ दिसू लागली. एक्सपीवर क्रोम ही यादी विंडोजकडून घेत असे, तर फायरफॉक्स स्वतःची यादी आणि स्वतःचे कुलूप बरोबर बाळगत असे. त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवर क्रोममध्ये अडलेले पान फायरफॉक्समध्ये उघडायचे. अनेकांना हा चमत्कार वाटला, पण कारण एवढेच होते.

चौथे कारण वजनाचे. आजची पाने जड आहेत. ३२ बिटांच्या एक्सपीला चार जीबीच्या पुढची मेमरी वापरता येत नाही. शिवाय २०२१ च्या क्रोम ८९ पासून ज्या प्रोसेसरात एसएसई३ ही सोय नाही त्यावर क्रोम चालतच नाही.

तारखांचा हिशेब

मुदती माहीत असल्या की माणूस घाईत फसत नाही. विंडोज एक्सपी २००१ साली आले आणि त्याचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये एक्सपीची साथ सोडली. आवृत्ती ४९ ही शेवटची. फायरफॉक्सने ५२ व्या आवृत्तीच्या आधाराने २०१८ पर्यंत साथ दिली. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी संपले. त्यावरचा शेवटचा क्रोम १०९, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ला किमान विंडोज १० लागते. फायरफॉक्स ११५ ची साथ विंडोज ७ साठी अनेकदा मुदत वाढवून चालू ठेवली गेली. ती मेहरबानी आहे. मेहरबानीवर पेढी उभी करू नये.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि धंद्यांसाठी पैसे भरून २०२८ पर्यंत जादा अपडेटची सोय ठेवली आहे. एज ब्राउझरला विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि ती नसल्यामुळे धडधाकट कॉम्प्युटरही कंपनीच्या नियमाने ‘जुने’ ठरले. म्हणजे विंडोज १० वाल्याने आज घाबरून दुकानात धावण्याचे कारण नाही, पण स्वस्थ बसण्याचेही नाही.

मोबाइलवर धंदा करणाऱ्या कारागिरांनीही लक्ष द्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून अँड्रॉइड ८ आणि ९ चे फोन बाद झाले आहेत.

हौशी मिस्त्री आणि त्यांची कारागिरी

जगात काही हुशार माणसे हौसेने आणि मेहनतीने जुन्या कॉम्प्युटरसाठी नवे ब्राउझर घडवतात. क्रोम ज्या पायावर उभा आहे तो क्रोमियम खुला आहे आणि फायरफॉक्सही खुला आहे. कोणीही तो घ्यावा, बदलावा. नवा ब्राउझर जी सोय मागतो आणि जुने विंडोज देत नाही, ती हे लोक स्वतः लिहून मध्ये बसवतात. विंडोज ९८ साठी केर्नेलएक्स होते. जुन्या पॉवरपीसी मॅकसाठी टेनफोरफॉक्स २०१० पासून २०२१ पर्यंत चालवले गेले. आज एक्सपीपासून पुढच्या विंडोजसाठी सुपरमियम आहे, एक्सपीसाठी मायपाल आहे, विंडोज ७ साठी आर३डीफॉक्स आहे.

या लोकांबद्दल आमच्या मनात आदर आहे. कंपनीने पार्ट देणे बंद केल्यावर लेथवर पार्ट घडवणारा आपला मिस्त्री आणि हे लोक एकाच जातकुळीचे. धडधाकट वस्तू वाया जाऊ नये हा त्यांचा उसूल आपल्याला परका नाही.

पण माग आणि ब्राउझर यांत एक मोठा फरक आहे. माग भिंतीच्या आत असतो. त्याचा पार्ट मोडला तर नुकसान आपले आणि तेवढ्या दिवसाचे. ब्राउझर भर रस्त्यावर उघडणारे दार आहे. त्याची कडी सैल आहे हे चोराला आधी कळते आणि आपल्याला नंतर. शिवाय आत फक्त आपला माल नसतो. गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर, विणकरांची खाती, मजुरांच्या आधारच्या नकला ही सगळी लोकांची अमानत असते. आपला माल धोक्यात घालायचा की नाही हे आपण ठरवू शकतो. लोकांच्या अमानतीवर तो हक्क आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट. हौशी ब्राउझर कितीही नवा असला तरी त्याच्या खालचे विंडोज जुनेच राहते. दाराला नवे कुलूप लावले तरी भिंतीतले भोक तसेच. शिवाय यातले बरेच काम एक-दोन माणसांच्या खांद्यावर असते. तो माणूस थकला, आजारी पडला किंवा त्याला दुसरी नोकरी लागली की अपडेट थांबतात. कंपनीच्या ब्राउझरमध्ये दोष सापडल्यावर तो दुरुस्त होऊन हौशी ब्राउझरपर्यंत यायला उशीरही होतो.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा हल्ला जगभर झाला. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली जात होती. तो इतका पसरला की मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठी खास अपडेट काढावे लागले. पण बळी पडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते आणि त्यांच्यासाठी उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आला होता. लोकांनी तो बसवला नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याच जातीच्या दुसऱ्या हल्ल्याने न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. निर्यातीचा माल पाठवणाऱ्यांना ते आठवत असेल. हे हल्ले ब्राउझरमधून आले नव्हते, पण धडा तोच आहे. जुनेपणापेक्षा डागडुजी न होणे जास्त घातक आहे.

मग करावे काय?

आमचे मत स्पष्ट आहे. कॉम्प्युटरची वाटणी कामाप्रमाणे करावी.

जी कामे जुन्या विंडोजवरच होतात ती तिथेच ठेवावीत. उर्दू छपाईचे उदाहरण घ्या. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या घरच्या लग्नपत्रिका ज्यावर जुळवल्या जातात ते इनपेज १९९४ साली आले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या आहेत आणि छापखानेवाल्यांकडे वर्षानुवर्षांचे काम त्यात साठलेले आहे. भरतकामाचे पंचिंग, जकार्डची डिझाइने यांचेही तसेच. काही सॉफ्टवेअरची डोंगल-किल्ली प्रिंटरच्या मोठ्या पोर्टातच बसते, आणि तो पोर्ट नव्या कॉम्प्युटरवर बहुधा नसतो. असा कॉम्प्युटर खुशाल आणखी दहा वर्षे चालवा. फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. ज्याला दारच नाही त्या खोलीत चोर शिरणार कुठून? पेनड्राइव्ह मात्र जपून वापरावा आणि तो लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय बंद करावी, कारण जुन्या विंडोजमध्ये व्हायरस याच वाटेने शिरत असत.

बँक, जीएसटी, ई-वे बिल आणि ईमेल ही कामे मात्र ज्याला आज अपडेट मिळतात अशाच कॉम्प्युटरवर करावीत. मध्ये दुवा पाहिजे तर जीएसटीच्या ऑफलाइन टूलमधून जेसन फाइल तयार करता येते. ती एका कॉम्प्युटरवर बनवावी आणि दुसऱ्यावरून चढवावी.

हा दुसरा कॉम्प्युटर नवाच पाहिजे असे नाही. जुना डबा ६४ बिटांचा असेल, चार जीबी मेमरी असेल, तर त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम बसवता येते आणि चालू आवृत्तीचा फायरफॉक्स व क्रोम त्यावर चालतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर वेगातला फरक कोणालाही दिसेल. ३२ बिटांच्या डब्यात मात्र पैसा घालू नये. क्रोमने ३२ बिटांचे लिनक्स २०१६ सालीच सोडले आणि फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५ च्या १४५ व्या आवृत्तीपासून सोडले. लिनक्स बसवण्याआधी आपला प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन त्यावर चालतो का हे पाहून घ्यावे. पेढीवरची टॅली विंडोजवरच राहील हेही लक्षात असू द्यावे.

सुपरमियमसारखा ब्राउझर वापरायचाच असेल तर भाव पाहायला, डिझाइन शोधायला, बातम्या वाचायला वापरावा. तो बनवणाऱ्याच्या मूळ ठिकाणावरूनच उतरवावा, गल्लीतल्या पेनड्राइव्हवरून नव्हे. त्यात बँकेचा पासवर्ड टाकू नये.

सरकार आणि संघटना

दोष सगळा व्यापाऱ्याच्या पदरात टाकणे न्यायाचे नाही. एका बँकेचे पान मध्यंतरी एका सकाळी आमच्या कॉम्प्युटरवर बंद झाले. आधी निरोप नाही, नंतर खुलासा नाही. पार्टीचे पैसे त्या दिवशी अडकले. कुलूप बदलण्याचा बँकेचा हक्क आम्ही नाकारत नाही, पण कुलूप बदलताना किल्लीवाल्याला कळवायचे असते. कोणते ब्राउझर कधी बाद होणार हे बँकांनी आणि सरकारी खात्यांनी किमान सहा महिने आधी कळवावे, तेही मराठीत आणि उर्दूत. पाने हलकी ठेवावीत. रिटर्न भरायला सजावट लागत नाही.

व्यापारी संघटनांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. प्रत्येक बाजारात एक अद्ययावत कॉम्प्युटर आणि तो नीट जाणणारा एक माणूस ठेवला तर चार मागांचा लहान कारखानदार आणि घरी भरतकाम करणारी बाई दोघांचेही काम भागेल. शिकलेल्या मुलांना त्यातून रोजीही मिळेल. लेथवरच्या मिस्त्रीला जो मान आपण देतो तो या मिस्त्रीलाही मिळाला पाहिजे.

व्यापारी बांधवांनी या आठवड्यात एवढे करावे. पेढीवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर कोणते विंडोज आहे, कोणता ब्राउझर आहे आणि त्याला शेवटचे अपडेट कधी मिळाले, हे वहीत लिहून काढावे. ज्या ओळीत बँकेचे काम आणि जुने विंडोज एकत्र दिसेल, तिथे आधी हात घालावा. बाकीच्या मशीन चालत आहेत तोवर चालू द्याव्यात.