कूड, झिलमिली आणि संगणकातली भिंत

भाषेच्या अध्यापकांनी घराचे नकाशे काढणाऱ्या संगणकप्रणालीविषयी लिहावे, हे काहींना अनाठायी वाटेल. परंतु कोशात कोणते शब्द आले आणि कोणते बाहेर राहिले, हे पाहणे आमचे कामच आहे. आणि या प्रणालींच्या पोटातही एक कोशच असतो. रेव्हिट या प्रणालीत त्यातील तयार घटकांना ‘फॅमिली’ म्हणतात. हंगेरीत जन्मलेल्या आर्किकॅडमध्ये असे घटक रचण्यासाठी जीडीएल नावाची स्वतंत्र भाषाच आहे.

निमित्त घडले ते आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाचे. धडगाव तालुक्यातील पाड्यावरचा हा मुलगा स्थापत्याची पदविका करतो. पाड्यावरच्या वाचनखोलीचा नकाशा रेव्हिटमध्ये काढताना तो अडला होता. म्हणाला, “सर, इथं आधी भिंत काढायची, मग खिडकीसाठी तिला भोक पाडायचं. आमच्या घराला कूड आहे. त्याला भोक कुठं पाडू?”

प्रश्न साधा नव्हता. सातपुड्यातील भिल्ल-पावरा घरांत छपराचा भार लाकडी खांब पेलतात. भिंतीवर तो नसतो. म्हणून बांबूच्या कामट्या विणून केलेला कूड पुरतो. तो आडोसा देतो आणि फटींतून वारा-उजेडही देतो. जिथे नको असेल तिथे माती-शेणाने लिंपतात. भिंत आणि खिडकी तिथे एकच. प्रणालीत मात्र या दोन वेगळ्या जाती आहेत. तिथली साधी खिडकी भिंतीच्या आश्रयाने जगते. भिंत पुसली की खिडकीही जाते.

मुलाने वाट काढली. काचेच्या उंच इमारतींसाठी केलेली ‘कर्टन वॉल’ त्याने घेतली आणि काचेच्या जागी लाकडी पट्ट्या बसवल्या. पट्टी १०० मि.मी. रुंद, २० मि.मी. जाड, दोन पट्ट्यांच्या मध्यांत ९० मि.मी. अंतर. २१६० मि.मी. उंचीत अशा २४ पट्ट्या. कोनाचा एक आकडा बदलला की सगळ्या एकदम फिरतात: उभ्या केल्या तर एकमेकींवर १० मि.मी. चढून भिंत मिटते, आडव्या केल्या तर ७० मि.मी.ची फट उघडते, बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवल्या तर पावसाचे पाणी बाहेर निथळते. सातपुड्यातली भिंत काढायला काचेच्या मनोऱ्याची जात उसनी घ्यावी लागली, हे आम्हांला बोलके वाटले.

उत्साहाच्या भरात आम्ही सुचवले, “या घटकाला ‘कूड’ असे नाव दे.” तो थांबला. “नाही सर. कूड हलत नाही. आणि तो हातानं विणतात, त्याच्या फटी सारख्या नसतात.” चूक आमची होती. हलत्या पट्ट्यांना मराठीत झिलमिली हा जुना शब्द आहे. कूड हाही जुनाच, मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला. एकाचे नाव दुसऱ्याला चिकटवणे म्हणजे शब्द वाचवल्याचे समाधान मिळवून वस्तू गमावणे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जनगणनेच्या वर्गवारीत गवत-बांबूची भिंत तात्पुरत्या साहित्यात मोडते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर जागा ठरलेली आहे, आणि ते घर पक्के हवे. ते हवेच, बांबूला भुंगा लागतो, थंडीत फटी बोचतात, आणि पक्के घर मागणाऱ्या कुटुंबाला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार सिमेंटच्या घरात राहणाऱ्या आम्हांला नाही. आमचे म्हणणे एवढेच की पक्के म्हणजे कोंडलेले, हे समीकरण यादीतून येते, गरजेतून नव्हे. नकाशा काढणारा यादीत दिसेल तेच निवडतो. पक्क्या भिंतीचा वरचा हातभर भाग झिलमिलीचा का असू नये, हा प्रश्न यादीत शब्द असल्याखेरीज त्याला सुचणार कसा?

त्या मुलाने आपल्या घटकाला ‘झिलमिली’ हे नाव दिले, देवनागरीत. शेजारी ‘कूड’ नावाची फाइल उघडून ठेवली आहे. ती अजून रिकामी आहे. सुटीत घरी जाऊन आजीच्या कुडाची मापे घेणार आहे म्हणतो.