वारस पुण्यात, भिंत गल्लीत

तेल्हाऱ्याच्या जुन्या वस्तीत फिरलं की दोन-चार गल्ल्यांआड एखादा कुलूपबंद वाडा लागतोच. कुलूप तेवढं शाबूत असतं, मागची भिंत केव्हाच बसलेली असते. म्हातारी गेली, पोरं अकोल्या-पुण्याला लागली, धाब्यावर माती टाकायला कुणी उरलं नाही. पांढऱ्या मातीच्या भिंतीत वरून पाणी मुरतं, आणि आपला हा खारपाणपट्टा असल्यामुळे खालून लोणा चढतो. लोण्यानं भिंतीचा पाय खाल्ला की ती गल्लीकडं झुकते. आत तरोटा, काटेरी बाभूळ, डुकरं, पावसाळ्यात साप. फुटक्या रांजणात साचलेल्या पाण्यात डासांची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते आणि डेंग्यू मात्र शेजारच्या घरात निघतो.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका वाड्याची ओटी पावसात धसली, तेव्हा शेजाऱ्यानं एका वारसाला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘थे काय माह्यं एकट्याचं हाय का? चौघं राजी झाले का मंग पाहू.’’ चौघं राजी होणार कधी? आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे आणि बहिणींचा हिस्सा निघाला की सगळ्यांनाच कामं आठवतात. वाडा कुणालाच नको असतो. जागा मात्र प्रत्येकाला हवी असते.

नगरपरिषदेत गेलं की पहिला प्रश्न येतो, मालक कोण? इथंच गाडी रुतते, आणि माझ्या मते विनाकारण रुतते. 1965च्या नगरपरिषद अधिनियमात मोडकळीला आलेल्या, धोकादायक इमारतींसाठी कलम 195 आहे. त्याखाली नोटिसा निघतातही. बंद दारावर डकवलेली ती नोटीस पुढं पहिल्या वळवाच्या पावसात धुऊन जाते.

दुसरा रस्ता आपल्याकडं फारसा कुणी धरत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152. पडून कुणाला इजा होईल अशा अवस्थेतली इमारत पाडा, दुरुस्त करा किंवा तिला टेकू द्या, असा आदेश उपविभागीय दंडाधिकारी काढू शकतात. आपल्याला त्यासाठी अकोटला जावं लागतं. वारस सापडला नाही तर आदेश जाहीर करून, ठळक जागी चिकटवून बजावता येतो. हिस्से कुणाचे किती, हा दिवाणी कोर्टाचा विषय. भिंत त्याची वाट पाहत नाही.

आणि पैसा नाही ही सबब? मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी तुंबलेल्या गटारांपायी याच कलम 133चा आधार घेतला होता. तिथल्या पालिकेनं तिजोरीकडं बोट दाखवलं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चालवून घेतलं नाही. प्रकरण गटारांचं होतं, पण पैसे नाहीत म्हणून पालिकेचं कर्तव्य टळत नाही, हे तेव्हाच ठरलं.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. पडक्या घरात गरीब कुटुंब राहत असेल तर आधी त्यांची सोय, मग भिंत. मी बोलतोय ते फक्त कुलूप लावून विसरलेल्या वाड्यांबद्दल.

अर्ज द्यायचा तर गल्लीतल्या लोकांच्या सह्या, तारखेसकट फोटो आणि नगरपरिषदेला आधी दिलेल्या अर्जाची पोच जोडा. सही मागायला गेलं की ‘‘आपल्याले कायले वाईटपना’’ हे ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. आदेश न पाळल्यास दंडाधिकारी काम करून घेऊन निघालेला माल विकून खर्च वसूल करू शकतात. आपल्या वाड्यांत तो माल म्हणजे सागवान. चौकटी रात्री-बेरात्री जाऊ लागल्यात, तुळया अजून आहेत. अर्ज त्या आहेत तोवरच गेलेला बरा. नंतर वसुलीला नुसती माती उरेल.