हरेगावला निघण्याआधी

सप्टेंबर जवळ आला की आपल्याला हरेगावची ओढ लागते. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९४९ पासून मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर, तिचा जन्मदिन, त्याच्या आसपास. ख्रिस्ती जातात, नवस बोललेले इतर धर्मांचे लोकही जातात. तुम्हीही जा. फक्त घरातलं थोडं उरकून मग निघा.

आधी बांधावरचं भांडण. भावाशी बोलणं बंद असेल तर त्याच्याकडे जाऊन या. वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, असं खुद्द येशूनंच सांगितलंय. त्यानं चहा विचारला नाही, तरी घटकाभर ओट्यावर बसा.

मग पैशाचं बघा. कर्ज काढून नवस फेडू नका. मुकादमाची उचल घेऊन नवे कपडे, गाडीभाडं, पाहुण्यांचं जेवण केलंत, तर ती हंगामभर ऊस तोडून फेडावी लागते. त्यात पोरांची शाळा बुडते. बायबलमधल्या विधवेनं दानपेटीत दोन नाणी टाकली, ती तिची स्वतःची होती, उसनी नव्हती.

मला हे उशिरा कळलं. एका वर्षी मी मनगटाएवढी जाड मेणबत्ती घेतली. लोकांनी वळून पाहिलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी आलो तर आईच्या औषधाची चिठ्ठी खिशातच, घामानं भिजून चिकटलेली. ती काही बोलली नाही. तिनं मला पाणी दिलं.

देखावा घरातही नको. आपल्या नगरातच रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र लगेच घेतला नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्यांनी देखाव्यापुरती मान डोलावली नाही. सोवळंओवळं पाळत राहिल्या, स्वतःशी झगडल्या आणि पटल्यावरच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. घरात नवी सून असेल तर एवढं लक्षात ठेवा. तिला जबरदस्तीनं गुडघे टेकायला लावू नका.

उपास धरलात तर मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नका. तोंड धुवा, केसांना तेल लावा, कामाला जा. प्रार्थना दार लावून करा. एकाच खोलीचं घर असेल तर भांडी घासतानाही होते.

रविवारी उपासनेला कोण आलं नाही, याची चर्चा दारातच थांबवा. जो आला नाही, त्याच्याकडे दुपारी जा. तापानं पडला असेल तर दवाखान्यात न्या.

यात्रेला छत्री आणि पाण्याची बाटली घ्या. म्हाताऱ्यांना गर्दीत पुढे ढकलू नका, लांबूनही दर्शन होतं. मेणबत्ती लहानच घ्या. उरलेल्या पैशांत भावाच्या पोरांना रेवड्या आणा.