कॅसेट कोण रिकामी करते?

मराठी प्रवासवर्णनाला शरीर नसते, हा आमचा जुना आक्षेप आहे. डोळे असतात, क्वचित जीभही असते. पोटाखालचे काही नसते. न्यूझीलंडमध्ये महिना-दीड महिना कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपण्याची, रांधण्याची आणि शौचाची सोय असलेल्या मोटारीने, हिंडून आलेल्यांचे लेखन वाचताना तो अधिकच तीव्र होतो. सरोवरे निळीशार, पर्वत ध्यानस्थ आणि लेखक मुक्त. हे चाकांवरचे बिऱ्हाड चालते कशावर, याविषयी अवाक्षर नाही.

ते चालते तीन टाक्यांवर. एक चांगल्या पाण्याची. दुसरी भांड्यांच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची. ते रस्त्याकडेला सोडता येत नाही, बरोबर वागवावे लागते. तिसरी टाकी म्हणजे 'कॅसेट', शौचकूपाखालची साधारण 20 लिटरची पेटी. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. मग ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, हाताने उचलून ठरलेल्या 'डंप स्टेशन'वर न्यायची, ओतायची, विसळायची, रसायन घालून पुन्हा बसवायची. ही लेखकाची मर्जी नव्हे, कायदा आहे. मोकळ्या जागी फुकट मुक्कामाचे नियमन करणारा कायदा तिथे 2011 साली झाला. 2023 च्या दुरुस्तीने तशा मुक्कामासाठी बहुतेक ठिकाणी गाडीत पक्के बसवलेले शौचकूप आवश्यक ठरले. प्रमाणपत्रासाठी माणशी दिवसाला चार लिटर, असे तीन दिवसांचे पाणी गाडीत मावले पाहिजे. गॅस, बॅटरी, डिझेलच्या गाडीवरचा किलोमीटरमागचा कर, पश्चिम किनाऱ्यावरच्या चावऱ्या माश्या, हे आणखी निराळेच.

माणशी दिवसाला चार लिटर! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. पाणी कधी येणार, किती वेळ येणार आणि टँकर बोलवायचा की नाही, या हिशेबात इथल्या कितीतरी घरांची सकाळ जाते. उल्हासनगरचा तर जन्मच छावणीतला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ठेवले गेले. 1949 साली वसाहतीला नाव मिळाले, पण लोक अजूनही पत्ता सांगतात तो 'कॅम्प'च्या क्रमांकाने. तात्पुरत्या छपराखाली बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे या गावाला पर्यटनाविनाच ठाऊक आहे. अशा वाचकासमोर 'घर पाठीवर घेऊन फिरण्याच्या स्वातंत्र्या'चे गोडवे गायचे आणि घराच्या मोऱ्या झाकायच्या, याला आम्ही अप्रामाणिकपणाच म्हणू.

यावर उत्तर ठरलेले असते: ललित लेखनात असली घाण कशाला? विष्णुभट गोडसे यांना हा प्रश्न पडला नव्हता. 1857 च्या धामधुमीत सापडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाने 'माझा प्रवास'मध्ये दक्षिणा, भूक, लूट, पायपीट यांचा हिशेब दिला आणि खांद्यावरून गंगेची कावड घरापर्यंत आणली. पाण्याला वजन असते, हे त्या पुस्तकात कळते. 1907 साली छापलेले ते पुस्तक आजही वाचले जाते.

खरे कारण सौंदर्यदृष्टीचे नाहीच. आपल्याकडे हे काम कोणी करायचे हे जातीने ठरवून ठेवले आहे. रत्नागिरीच्या तुरुंगात 1932 साली अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचे काम मागून घेण्याचा हट्ट धरला, त्यासाठी उपोषण केले, तेव्हा ती केवढी खळबळजनक गोष्ट ठरली! 2013 च्या कायद्याने हाताने मैला उपसायला लावणे गुन्हा ठरवले. तरी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून माणसे मरतच आहेत. आणि परदेशात मात्र, पैसे मोजून, आपला मैला आपल्या हाताने वाहून नेणारा मराठी मध्यमवर्गीय रांगेत निमूट उभा राहतो. त्याच्या पुढे-मागे जर्मन शिक्षक असेल, डच डॉक्टर असेल. कोणालाही त्यात विशेष वाटत नाही. संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत परका प्रदेश, आणि नेमका तोच वर्णनातून गाळलेला.

आम्हांला हिमनद्या पुष्कळ वाचायला मिळाल्या आहेत. पहिल्यांदा कॅसेट कोणी उचलली, नवऱ्याने की बायकोने, त्यावरून काय बोलणे झाले, आणि बदलापूरला परतल्यावर सोसायटीची टाकी उपसायला आलेल्या माणसाला काय म्हणून हाक मारली, एवढे पुढच्या लेखकाने लिहावे. सरोवराचा रंग नाही सांगितला तरी चालेल.