पाण्याच्या वाटेने सांदणमध्ये

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले-नातवंडे आता अमेरिकेत आहेत आणि त्यांच्यामुळे ॲरिझोनातील वाळवंटी दऱ्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आहेत. तेथील सेडोना गावाजवळ वेस्ट फोर्क नावाची एक पायवाट आहे. उंच कड्यांमधून वाहणारा ओढा ती १३ वेळा ओलांडते. नाशिकचे आजी-आजोबा ही वाट चालून येतात आणि महिनाभर तिचे वर्णन करतात, याचा मला आनंदच वाटतो. परंतु घोटीपलीकडे, सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर, तशाच जातीची एक दरी आहे हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती म्हणजे सांदण दरी.

मुंबई महामार्गाने घोटी, तेथून बारीवरून शेंडी आणि पुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाने उडदावणे ओलांडून साम्रद, असा हा मार्ग. साम्रद अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येते. एका बाजूस रतनगड आणि दुसऱ्या बाजूस अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट. सह्याद्रीत आपण सहसा वर चढतो, येथे मात्र सपाटीवरून चालता चालता जमीनच दुभंगते. बेसाल्टच्या पठारास उभी चीर पडलेली आहे आणि पाण्याने ती कोरत कोरत सुमारे दोन किलोमीटर लांबवली आहे. दोन्ही बाजूंस २०० फुटांहून उंच भिंती, आणि काही ठिकाणी दोन-तीन माणसे जेमतेम शेजारी उभी राहतील इतकीच रुंदी. दोन घरांमधल्या अरुंद बोळाला आपल्याकडे ‘सांद’ म्हणतात. त्यामुळे नाव ऐकताच दरीचे रूप डोळ्यांसमोर उभे राहते.

या परिसराची आणखी एक मौज सांगावीशी वाटते. जवळच्याच रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा पूर्वेकडे वळते, गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. सांदणचे पाणी मात्र पश्चिमेस कोकणात कोसळते आणि अरबी समुद्राचा रस्ता धरते. एकाच सरीतले दोन थेंब येथे कायमचे वेगळे होतात.

दरीत उतरल्यावर थोड्याच वेळात पाण्याचे पहिले कुंड लागते, नंतर दुसरे. ही कुंडे भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली असल्याने वळसा घालण्यास जागा नसते, पाण्यात उतरावेच लागते. हिवाळ्याच्या आरंभी दुसऱ्या कुंडाचे पाणी छातीपर्यंत येऊ शकते, तर चैत्र-वैशाखात ते गुडघ्यावर उतरते. तळाशी ऊन अगदी थोडा वेळ पोहोचत असल्यामुळे पाणी भर दुपारीही गार असते. अशा वेळी पादत्राणे काढून हातात घेण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. तळाचे दगड गोल, शेवाळलेले आणि हलणारे असतात व अनवाणी पाऊल त्यांत अडकते. रबरी तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट पायांतच ठेवावेत. काठीने पुढचा तळ चाचपावा, एक पाय पक्का रोवल्यावाचून दुसरा उचलू नये. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेल्यास ती चटकन अंगावेगळी करता येते. दगडावरून दगडावर उड्या मारण्याचे धाडस तर साठीनंतर कोणीच करू नये. गुडघे ओले झालेले परवडतात. भ्रमणध्वनी, चष्मा आणि विशेषतः मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून डोक्याच्या पातळीवर धरावीत.

तथापि पायांखालच्या पाण्यापेक्षा अधिक विचार करावा तो डोक्यावरच्या आकाशाचा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप दरीत ११ पर्यटकांना जलसमाधी मिळाली. ते उभे होते तेथे पाऊस नव्हता. काही मैलांवर, वरच्या अंगास वादळी सर कोसळली आणि तिचे पाणी त्या अरुंद फटीतून भिंतीसारखे धावून आले. ती वाळवंटातील दरी होती. आपली सांदण तर जवळच्या घाटघरला ‘नगर जिल्ह्यातील चेरापुंजी’ म्हणतात अशा मुलखात आहे. वरचे कातळ पाणी शोषून घेत नाही, जे पडते ते थेट दरीत उतरते, आणि आत असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंस चढून जाण्यास वाट नसते. म्हणून पावसाळ्यात तेथे उतरण्याचा विचारही मनात आणू नये. वैशाखातील वळीव, परतीचा पाऊस आणि हिवाळ्यातील अवकाळी यांचेही भय तेवढेच. दरीच्या तळातून आकाशाची केवळ एक पट्टी दिसते, त्यावरून हवामानाचा अंदाज बांधता येत नाही. साम्रदचा वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर घोटीपासूनचे पेट्रोल वाया गेले असे न मानता रतनवाडीस जावे आणि अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरावरील शिल्पकाम निवांत पाहावे. त्या वाटाड्याचे ठरलेले मानधनही, दरीत न उतरता, त्यास पूर्ण द्यावे. ते न मिळण्याची धास्ती असेल तर ‘आज नको’ हे शब्द त्याच्या ओठांवर यायला कचरतील.

बँकेत कर्जाचा प्रस्ताव पाहताना रक्कम द्यावी कशी यापेक्षा ती परत येईल कशी, हे आम्ही आधी पाहत असू. सांदणमध्ये हाच प्रश्न एका ठरावीक जागी उभा राहतो. कुंडांपलीकडे मोठमोठ्या धोंड्यांचा पसारा ओलांडला की तळ एकदम तुटतो आणि तेथून पुढे दोराच्या आधाराने कडे उतरावे लागतात. एकदा उतरून दोर खेचून घेतला की मागची वाट बंद होते. मग एक तर शहापूर तालुक्यातील डेहण्यापर्यंत पायपीट, नाही तर करोली घाटाची दमवणारी चढण चढून पुन्हा साम्रद. तरुणांनी प्रशिक्षित संस्थेबरोबर, साधनसामग्रीसह ते अवश्य करावे. आजी-आजोबा व नातवंडे बरोबर असलेल्या कुटुंबाने पहिल्या तुटलेल्या कड्यापर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावे. तेवढ्यातही दरीचे वैभव पुरेपूर पाहायला मिळते, आणि दोन्ही कुंडे दुसऱ्यांदा ओलांडायची असतात हे लक्षात घेऊन पायांत बळ शिल्लक ठेवावे लागते.

आपल्या मंडळींसाठी दोन सूचना. पिण्याचे पाणी घरूनच गाळून, उकळून न्यावे, कुंडातले पिऊ नये. साम्रदमध्ये आदल्या दिवशी कळवल्यास घरगुती पिठले-भाकरी मिळू शकते. कांदा-लसूण नको आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे, हे मात्र तेव्हाच स्पष्ट सांगावे. दरीत दुपार कलताच अंधारू लागते. त्यामुळे सकाळी आठच्या सुमारास उतरून दुपारी दोनपर्यंत वर यावे, म्हणजे ओले कपडे बदलून, चुलीपाशी बसून उजेडातच जेवण उरकते.