सूर आपापला, गाणं सगळ्यांचं

आपल्या गॅदरिंगला गाणं म्हणजे काय असतं? एक माईक, एक गायक आणि मागे कॅराओके ट्रॅक. समूहगान असलंच तर वीस जण मिळून एकच चाल म्हणतात. आवाज मोठा होतो, बाकी काही होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजला एक कॉयर हवा, तोही वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाणारा.

म्हणजे कसा, हे कळायला पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराची 'मिस्सा पापे मार्चेली' ऐका. कॅथलिक उपासनेसाठी रचलेली ही मिस्सा १५६७ मध्ये छापली गेली. वाद्यं नाहीत, फक्त माणसांचे आवाज. सहा आवाज, सहा स्वतंत्र चाली. शेवटच्या भागात तर सात! यात कुणी 'मेन' नाही, कुणी 'कोरस' नाही. ट्रसमधल्या मेंबर्ससारखं आहे हे. प्रत्येकाची दिशा वेगळी, पण भार सगळे मिळून उचलतात.

आता एवढे आवाज एकत्र आले की शब्द कळेनात, हे ओघानेच आलं. त्या काळीही हीच तक्रार होती. पोप मार्सेलस दुसरे १५५५ मध्ये जेमतेम तीन आठवडे पदावर होते, पण तेवढ्यात त्यांनी गायकांना बजावलं की शब्द नीट ऐकू आले पाहिजेत. ही मिस्सा त्यांच्याच नावाची. ती ऐकून चर्चने अशा गायनावरची बंदी टाळली, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती मानत नाहीत. पण पॅलेस्ट्रिनाने काढलेली तोड खरी आहे. जिथे शब्द जास्त, तिथे बरेच आवाज एकदम तेच शब्द उच्चारतात. जिथे कमी, तिथे आवाज मोकळे सुटतात.

कुणी म्हणेल, 'हे चर्चचं, आपलं काय त्यात?' पनवेलहून कोकण रेल्वेने निघालात की मडगावच्या अलीकडे माजोर्डा लागतं. तिथल्या चर्चच्या कॉयरमास्तरांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईला आला. त्याच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते प्रसिद्ध गाणं त्याच्याच नावावरून आलं. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन शिकवत. तिथले कितीतरी वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. जुन्या गाण्यांत गायिकेच्या मागे व्हायोलिनं वेगळीच चाल धरतात ना, त्यात या शिक्षणाचा मोठा वाटा आहे. मग हे परकं कसं?

मी कॉन्व्हेंटमध्ये आल्टो गायचे. आल्टोला मुख्य चाल क्वचितच मिळते. पण शेजारणीचं ऐकल्याशिवाय आपलं गाता येत नाही, हे तिथे शिकले. इथे करंजाडेच्या हॉस्टेलवर एका खोलीत चौघी आणि चौघींच्या कानात चार इअरफोन. एकमेकींचं ऐकायची सवयच मोडत चालली आहे.

सांस्कृतिक समितीला आणि सरांना विनंती एवढीच. जेवणानंतर मेसचा हॉल अर्धा तास द्या. खर्च शून्य, वाद्य नको, गाणं मराठी चालेल, धर्म कुठलाही चालेल. सबमिशन, व्हायवा आहेतच हो, ते कुणाला चुकलेत? आधी चार आवाजांत सुरुवात करू, सहाचं पुढे बघू.

बघा पटतंय का!